सुतळीने बांधलेली कडी

कुत्रा आवारातून निसटला म्हणजे घरधनी प्रथम कुत्र्याला दोष देतो. "एवढे खाऊ घातले, आणि बेइमान पळाला!" असे म्हणून तो काठी शोधू लागतो. आम्हीही पुष्कळ दिवस असेच बोलत होतो. २०२५ सालच्या पोळ्यापासून मात्र आमचे हे बोलणे बंद झाले. ते कसे बंद झाले, हे वाचकांस सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. यात आमचीच एक चूक उघडी करावी लागणार आहे. परंतु ज्याने इतरांच्या चुका ऐकून घेण्यात आयुष्याची वर्षे घालविली, त्याने स्वतःची तेवढी झाकून ठेवावी, हे योग्य दिसत नाही.

छिंदवाड्याहून नागपूरकडे येताना, घाट उतरल्यावर, सौंसरच्या अलीकडे रामाकोना लागते. पूर्वी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी. पण घराघरांतले बोलणे मराठी. येथील कुत्रेदेखील "हाड!" म्हटल्यावर जितके दचकते, तितके "भाग!" म्हटल्यावर दचकत नाही. भोवती संत्र्यांच्या बागा, कापसाची शेते, आणि त्यांच्या पलीकडे सातपुड्याचे रान. अशा गावात कुत्रे पाळणे ही हौस नसते. रात्री घर राखावयास, शेतावर सोबत करावयास आणि रानडुकरांची चाहूल द्यावयास ते लागतेच.

आमच्याकडे मोती आला तो तीन वर्षांमागे, हिवाळ्यात. एका शेतकऱ्याने थंडीने कुडकुडणारे पिल्लू आमच्या ओसरीवर आणून ठेवले आणि तो निघून गेला. तीन महिन्यांचा होताच आम्ही त्यास गुरांच्या दवाखान्यात नेऊन पिसाळरोगाची लस टोचून आणली. पुढील वर्षीही आणली. २०२५ च्या उन्हाळ्यात टोचावयाची लस मात्र "पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात" म्हणता म्हणता राहून गेली.

दुसरे एक काम असेच राहिले होते. फाटकाची कडी पावसाळ्याच्या आरंभी ढिली झाली होती. लोहाराकडे जाऊन यावयाचे एवढेच काम. पण आज एका गावी मिस्सा, उद्या दुसऱ्या गावी आजारी माणसास भेट, असे करीत दोन महिने लोटले. तोवर आम्ही ती कडी सुतळीने बांधून ठेवली. येणाऱ्याने सुतळी सोडावी, आत यावे, आणि जाताना पुन्हा बांधावी. अर्थात सोडणारे सर्वच असत, बांधणारे थोडेच. त्या दोन महिन्यांत मोती तीन वेळा बाहेर पडला व तीनही वेळा संध्याकाळी शेपूट हालवीत परत आला. लोक हसून म्हणत, "फादर, तुमचा मोती गावात भेटी द्यायले निंगाला होता." आम्हीही हसत होतो. ते आमचे हसणे आज आम्हांस बोचते.

१६ ऑगस्ट हा संत रोक यांचा सण. त्या संध्याकाळी आम्ही मुलांना त्यांची गोष्ट सांगितली. फ्रान्समधील माँपेल्ये या गावचा हा संत प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतः रोगी झाला आणि रानात एकटा पडून राहिला. तेव्हा एक कुत्रा रोज तोंडात भाकर धरून त्याच्यापाशी येत असे, अशी परंपरा आहे. म्हणूनच त्यांच्या मूर्तीजवळ कुत्रा दाखवितात. मोती तेव्हा पायरीवर पाय पसरून पडला होता. मुलांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही थोडा अभिमान वाटला. त्याला बरोबर आठ दिवसही झाले नाहीत.

पोळा २२ ऑगस्टला होता. दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. ज्या वाचकांच्या गावी हा सण नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोठ्या पोळ्याला शेतकरी खरे बैल सजवितात, तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढीत दारोदार फिरतात. ज्या दारी जातील तेथे त्यांना खाऊ किंवा चार पैसे मिळतात, त्यास बोजारा म्हणतात. आमच्या दारीही मुले येतात. धर्म कोणताही असो, लाकडी बैलाला रिकामे कोण पाठवील?

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुलांचा एक घोळका बोजारा घेऊन गेला, आणि सुतळी सुटलेली राहिली. मागून शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा, तिसरीत शिकणारा, आपला बैल ओढीत एकटाच फाटकापाशी आला. नेमकी त्याच वेळी गल्लीतून कुत्र्यांची एक टोळी एका कुत्रीमागे धावत गेली. भाद्रपद नुकताच लागला होता. आणि भाद्रपदातल्या कुत्र्यांविषयी आपल्या भाषेत जे बोलले जाते ते काही खोटे नाही. मोती उठला आणि बाणासारखा फाटकाकडे गेला. त्या मुलाने पाहिले की फादरचा कुत्रा पळतो आहे. त्याने बैलाची दोरी टाकली आणि दोन्ही हातांनी मोतीची मान धरली. पोराने हे आमच्यासाठी केले. मोतीने मागे वळून चावा घेतला आणि तो निसटून गेला.

आम्ही धावत गेलो. मुलाच्या उजव्या मनगटाच्या वर दोन दात रुतले होते व रक्त वाहत होते. तो रडत नव्हता. आम्हांस पाहून तो एवढेच म्हणाला, "फादर, मी धरला होता त्याले, पण सुटला." तो आपलीच चूक झाल्यासारखा बोलत होता. हे वाक्य आम्ही विसरणार नाही.

इतक्यात त्याची आजी आली. तिच्या हातात तिखटाचा डबा होता. "तिखट भरा, फादर. तिखट भरलं म्हंजे ईख उतरते," असे ती म्हणाली. आमच्या खेड्यांत कोणी तिखट भरतो, कोणी चुना लावतो, कोणी हळद. यांपैकी काहीही करू नये. आम्ही मुलास हातपंपाखाली बसविले, एकाला दांडा मारावयास लावले आणि साबणाने जखम धूत राहिलो. ही धुलाई पुरी पंधरा मिनिटे चालली पाहिजे. पंधरा मिनिटे ऐकावयास थोडी वाटतात. रडवेल्या मुलाचा हात धरून बसणाऱ्याला ती फार मोठी असतात. परंतु पिसाळरोगाचे विषाणू जखमेतच आहेत तोवर त्यांना साबण व वाहते पाणी जितके मारते, तितके घरातले दुसरे काहीच मारीत नाही. तोवर शेतातून मुलाचे वडील आले. आम्ही बोलावयास तोंड उघडले, तर ते म्हणाले, "बोलनं मंग, फादर. पयले पोराले दवाखान्यात नेऊ."

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पाहिली. चावा रक्त काढणारा, तोही हाताला, म्हणून लसीबरोबर जखमेच्या भोवताली तयार प्रतिद्रव्याची सुईही टोचावी लागली. वडिलांच्या मनात जुनी भीती होती. त्यांच्या लहानपणी कुत्रे चावले म्हणजे पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, आणि त्या वेदनेच्या धाकाने कित्येक जण दवाखान्याची पायरीच चढत नसत. ती जुनी लस २००५ च्या सुमारास आपल्या देशातून गेली. आता सुई दंडात देतात. आमच्या मुलास २३, २६ व ३० ऑगस्ट आणि २० सप्टेंबर अशा चार खेपांची तारीख लिहून मिळाली. मग डॉक्टरांनी विचारले, "कुत्रा कोठे आहे?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

हा प्रश्न ते उगाच विचारीत नाहीत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतात ते रोगाची लक्षणे दिसण्याच्या अगदी थोडे दिवस आधी. आणि एकदा लक्षणे दिसली म्हणजे असा कुत्रा काही दिवसांतच मरतो. म्हणून चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावा. दहा दिवसांनंतर तो जिवंत आणि ठणठणीत असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता हे निश्चित समजावे. मात्र तोवर लस थांबवावयाची नाही. ती पहिल्या दिवसापासूनच सुरू व्हावयास हवी. हा रोग एकदा अंगात प्रकट झाला म्हणजे त्यावर औषध नाही. मोती सापडला नाही, तर त्या घरातल्या माणसांना कित्येक आठवडे धास्तीत काढावे लागणार होते.

त्या रात्री आम्ही आणि गावातले चार तरुण बॅटरी घेऊन हिंडलो. संत्र्यांच्या बागांना काटेरी तारा असतात, काहींना झटका मशीन असते. झटका मशीनचा धक्का जनावरास नुसता दूर लोटतो. परंतु रानडुकरांच्या भयाने कोणी कोणी विजेची सरळ तारच कुंपणाला जोडतात. हे बेकायदेशीर आहे, आणि अशा तारेला कुत्रे काय, माणूसही मरतो. पलीकडच्या रानात बिबट्याचीही भीती, आणि बिबट्याला कुत्र्यासारखे सोपे भक्ष्य दुसरे नाही. आम्ही हाका मारीत होतो, आणि प्रत्येक हाकेला गावभरातली दुसरीच कुत्री भुंकत होती.

दुसरा दिवस रविवार. मिस्सेनंतर आम्ही वेदीपाशीच उभे राहून घडलेली हकीकत लोकांना सांगितली, कडीची आणि चुकलेल्या लसीचीही. हे बोलणे सोपे गेले नाही. त्यानंतर एक वृद्ध गुराखी आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "फादर, त्याच्या मांगं धावू नका. धावाल तितका तो दूर जाईन. तुमच्या अंगाचा मळका कपडा अन् त्याचं भांडं फाटकापाशी ठेवा अन् उगे राहा." आम्ही आमचा एक जुना झगा फाटकाच्या आत अंथरला, जवळ मोतीची थाळी ठेवली आणि फाटक उघडे टाकले. कुत्र्याला नाकाने जे कळते ते आपणांस डोळ्यांनीही कळत नाही. सोमवारी पहाटे बाहेर येऊन पाहतो तो मोती त्या झग्यावर अंगाचे वेटोळे करून निजला होता. पुढच्या पायाला तारेने कापले होते, अंगभर चिखल होता.

आमचा हात काठीकडे गेला होता. मुलाचे वडील दूध घालावयास आले होते, त्यांनी तो धरला. ते म्हणाले, "आता आला त मारता? पुन्हा येईन काय तो?" खरेच होते. कुत्र्याला पळाल्याबद्दल मारता येत नाही, कारण पळणे त्याच्या लेखी दोन दिवसांमागचे असते. मार बसतो तो परत आल्याबद्दल. ज्याला परत आल्यावर मार बसतो, तो पुढच्या वेळी परत यावयास उशीर करतो. हे कुत्र्यापुरतेच खरे आहे असे नाही. घरोघरच्या आईबापांनी यावर थोडा विचार करावा.

त्यानंतर दहा दिवसांची राखण सुरू झाली. आम्ही एका वहीत रोज लिहीत होतो: सकाळी भाकर खाल्ली, पाणी प्यायला, भुंकणे नेहमीसारखे. मुलाचे वडील रोज संध्याकाळी येत, वही पाहत, मोतीला पाणी पिताना पाहत आणि न बोलता घरी जात.

२७ ऑगस्टला गणपती बसले. दुपारपासून ढोल व फटाके यांचा आवाज सुरू झाला. मोती आमच्या खाटेखाली शिरला. त्याचे अंग थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती, भाकरीला तोंड लावीना, पाण्याचे भांडे पुढे केले तर मान फिरवी. पिसाळरोगाविषयी जे जे ऐकले होते ते ते सर्व आम्हांस त्याच्यात दिसू लागले. संध्याकाळी वडील आले. आम्ही वहीत काही लिहिले नव्हते. ते कोऱ्या पानाकडे पाहत राहिले आणि मग ओसरीवर बसले. घरी गेले नाहीत. आम्ही दोघे त्या रात्री तेथेच बसून होतो. त्यांनी काय प्रार्थना केली ते आम्हांस ठाऊक नाही. आम्ही काय केली ते देवास ठाऊक आहे.

मध्यरात्रीच्या सुमारास फटाके थांबले. थोड्या वेळाने खाटेखाली हालचाल झाली. मोती बाहेर आला, त्याने अंग झाडले, आणि भांड्यातले पाणी तो गटागटा पिऊ लागला. एवढा गोड आवाज आम्ही क्वचितच ऐकला असेल. जनावर भिऊन गेले होते, एवढेच. वडील उठले, त्यांनी वही मागून घेतली आणि आपल्या हाताने त्या पानावर लिहिले: पाणी पेला.

२ सप्टेंबरला दहा दिवस पुरे झाले. मोती ठणठणीत होता. राखणीच्या दिवसांत कुत्र्याला लस टोचीत नाहीत, कारण लसीने आलेली सुस्ती आणि रोगाची सुस्ती यांत घोटाळा होतो. म्हणून दहा दिवस होताच आम्ही त्यास दवाखान्यात नेऊन चुकलेली लस टोचून आणली. मुलाच्या सुयाही ठरल्या तारखांना पुऱ्या झाल्या.

ओझे उतरल्यावर आम्ही मुलाच्या वडिलांची क्षमा मागावयास गेलो. मोतीच्या स्वभावाविषयी काही बोलू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "फादर, बैल मारका निंगाला त मालकानं शिंगाले दोष देऊ नये. दावं पाहावं."

आम्ही घरी येऊन पवित्र शास्त्र उघडले. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात नेमका हाच न्याय आहे. बैलाने प्रथमच माणसास शिंग मारले तर मालक निर्दोष. परंतु तो मारका आहे हे मालकास आधी कळविलेले असून त्याने त्याला आवरून ठेवले नाही, तर दोष मालकाचा. आज आपल्या देशाचा कायदाही याच पायावर उभा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे, आपल्या जनावरापासून माणसास धोका होऊ नये इतपत काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तीन वेळा मोती पळाला होता. आम्हांस कळविलेले होते. सुतळी आमच्याच हातची होती. आमच्यावर फिर्याद झाली नाही हा शेजाऱ्याचा मोठेपणा, आमचे निर्दोषपण नव्हे.

मग त्याच शेजाऱ्यास बरोबर घेऊन आम्ही आवाराची फेरी केली. कुत्रा तीन वाटांनी बाहेर पडतो: खालून उकरून, वरून उडी घेऊन, किंवा फाटकातून. आमच्याकडे तिन्ही वाटा मोकळ्या निघाल्या. मागच्या कुंपणाखाली मोतीने हातभर खड्डा केला होता, तो गवताने झाकलेला. तेथे आम्ही माती भरली आणि जाळीची दोन हात रुंद पट्टी कुंपणाच्या पायाशी, आतल्या बाजूस जमिनीवर आडवी अंथरली. तिची एक कड कुंपणाला तारेने बांधली, वर दगड व माती टाकली. कुत्रे नेहमी कुंपणाच्या मुळाशीच उकरते. तेथे नखाला जाळी लागली की ते सोडून देते. मागे सरकून उकरावे हे सहसा त्यास सुचत नाही. वरच्या वाटेचे कारण आम्हीच होतो: सरपणाची रास भिंतीला लावून रचलेली. मोतीला ती जिन्यासारखी होती. ती रास आवाराच्या मध्ये हलविली.

फाटकाला लोहाराकडून नवी कडी आली. परंतु शेजारी म्हणाले, "कडी माणसानं लावाची राह्यते, अन् माणूस इसरते." म्हणून त्यांनी फाटकाला एक दोरी बांधली, ती खांबावरच्या गिरकीवरून नेली आणि टोकाला एक दगड टांगला. फाटक उघडून सोडले की दगडाच्या वजनाने ते आपोआप मिटते. शिवाय फाटकाच्या आत चार पावलांवर बांबूची एक ताटी उभी केली. बाहेरचे फाटक मिटल्याशिवाय आतली ताटी उघडावयाची नाही, हा नियम. फाटकाखालच्या फटीत एक फरशी पुरली. या सर्वाला दोन दिवस लागले. दोन महिने जे काम राहिले होते ते दोन दिवसांचे होते.

तथापि केवळ कुंपणाने काम भागत नाही. कुत्रा पळतो तो कशाला तरी भिऊन, कशाच्या तरी ओढीने, किंवा कंटाळून. फटाके व गडगडाट यांच्या भीतीने चांगली शहाणी कुत्रीही वेड्यासारखी पळतात. सणाच्या व वादळाच्या दिवशी त्यांस घरात, आवाज कमी येईल अशा खोलीत ठेवावे. दिवसभर चार हात साखळीला बांधून ठेवले तर कुत्रे चिडखोर होते, आणि सुटले की अधिकच दूर जाते. बांधणे भागच असेल तर दोन खांबांमध्ये उंचावर एक तार ताणावी, तीत सरकती कडी घालावी आणि साखळी त्या कडीला जोडावी. म्हणजे त्याला तारेच्या लांबीइतके फिरता येते. सावली व पाणी त्याच्या आवाक्यात असावे. सकाळ-संध्याकाळ त्याला पट्टा लावून बाहेर फिरवून आणावे. ज्याला मालकाबरोबर बाहेर जावयास मिळते, त्याला चोरून जाण्याची हौस कमी असते.

भाद्रपदाच्या ओढीवर मात्र फिरविणे हा उपाय नाही. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे नसबंदी. काहींना हे निर्दयपणाचे वाटते. पण जो शेतकरी बैल बडवून घेतो त्याने कुत्र्याविषयी एवढे हळवे होऊ नये. भाद्रपदात बाहेर पडलेल्या कुत्र्यांची पिल्ले सुमारे त्रेसष्ट दिवसांनी, ऐन थंडीच्या तोंडावर जन्मतात, आणि त्यांतली किती जगतात हे गावात राहणाऱ्यांस सांगावयास नको. २०२३ च्या नियमांनी पाळीव कुत्र्याची लस व नसबंदी यांची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. आमच्या मोतीची नसबंदी त्याच हिवाळ्यात झाली, आणि आता गल्लीतून टोळी गेली तरी तो मान वर करून पाहतो आणि पुन्हा निजतो.

योगायोग असा, की पोळ्याच्याच दिवशी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मोकाट कुत्र्यांविषयी एक आदेश दिला. त्याच महिन्याच्या ११ तारखेस दिल्लीतील कुत्री पकडून कायमची कोंडवाड्यात ठेवावी असे सांगण्यात आले होते. ते बदलून नसबंदी व लस करून, पिसाळलेली व हिंस्र सोडून बाकीची जेथून आणली तेथेच सोडावी असे ठरले. देशभर वाद माजला. कुत्र्यांचे कैवारी एकीकडे, चावलेल्या मुलांचे आईबाप दुसरीकडे. त्या वादात शिरण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु त्या दिवसांत आम्ही वर्तमानपत्र वाचीत असता मनात येई की रस्त्यावरच्या या कुत्र्यांपैकी पुष्कळांची आजी-पणजी कोणाच्या तरी आवारातून, कोणाच्या तरी सुतळीने बांधलेल्या कडीतून बाहेर पडलेली असेल.

जनावरांना उगाच यातना देणे मनुष्याच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, आणि ज्या पैशाने माणसाचे दुःख निवारावयाचे तो पैसा जनावरांवर उधळणेही शोभत नाही, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथात सांगितले आहे. कडी, फरशी, थोडी जाळी आणि वेळेवरची लस यांत हे दोन्ही साधते. कुत्रा सुखी राहतो आणि शेजाऱ्याचे मूल निर्धास्त राहते.

पिसाळरोगाच्या लसीची कथा ज्या मुलापासून सुरू होते त्याचे नाव जोसेफ मायस्टर. आल्सास प्रांतातला नऊ वर्षांचा हा मुलगा पिसाळलेल्या कुत्र्याने चावे घेतल्यावर ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे आणला गेला. त्याला लस टोचली आणि तो वाचला. पुढे मोठा झाल्यावर तो पाश्चर यांच्याच संस्थेत नोकरीस राहिला. काम कोणते? दाराची राखण.

आमच्याकडेही असाच एक राखणदार आहे. त्या मुलाच्या मनगटावर आता दोन लहान पांढरे डाग राहिले आहेत. शाळा सुटल्यावर तो आमच्याकडे येतो, बाहेरचे फाटक मिटेपर्यंत आतल्या ताटीपाशी थांबतो, आणि मोठी माणसे घाई करू लागली तर त्यांना दटावतो, "थांबा, पयले ते लागू द्या." प्रथम काही दिवस तो मोतीपासून दूर बसे. मोतीही मान खाली घालून बसे. एके दिवशी आम्ही पाहिले तर मुलाने आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्यापुढे ठेवली होती.

तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबियास देवदूताबरोबर लांबच्या प्रवासास निघतो तेव्हा घरचा कुत्राही त्यांच्यामागून जातो, आणि परतीच्या वेळीही तो बरोबरच असतो. शास्त्रकाराने त्याच्याविषयी अधिक काही लिहिलेले नाही. धन्याबरोबर गेला आणि धन्याबरोबर घरी आला, एवढेच. प्रत्येक घरच्या कुत्र्याचे बाहेर जाणे असेच असावे. वाचकहो, हा अंक हातातून खाली ठेवल्यावर एकदा उठून आपल्या फाटकाची कडी पाहून या. ती सुतळीने बांधलेली असेल, तर उद्याची वाट पाहू नका.